टॉवेल फेकला तर धुणार कोण?

३ जून

भिंगरे,

तुझ्या त्या हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसात जरा फळ्या नीट चाळून बघ. एक आजी सापडेल. पाच आठवड्यांपूर्वी कुणीतरी विसरून गेलंय तिला. ओळखीची खूण विचारलीस तर सांगते: डावा गुडघा कुरकुरतो, उजवा त्याला साथ देतो, तोंड मात्र नव्यासारखं चालतं. सापडली तर मालकिणीला कळव. घेऊन जायला जमत नसेल तर निदान पोच दे म्हणावं.

लोकांच्या छत्र्या सांभाळायला परदेशात गेलेली पोरगी स्वतःच्या आजीला विसरते, हे ऐकून शिंपीकाकासुद्धा हसले. हो, तेच लिहून घेताहेत. मला अक्षर म्हणजे कपड्यावरचा डाग. धुता येईल, वाचता येणार नाही. तू इथे होतीस तेव्हा माझी पत्रं तू लिहायचीस. आता या बिचाऱ्याला दुपारी मशीन थांबवून तासभर बसावं लागतं. (शाईही माझीच. – शिंपी) हा मध्येमध्ये स्वतःचं काहीतरी खुपसतो असा मला संशय आहे. मी गप्प असले तरी पेन हलत असतं.

फोन करते म्हणू नकोस. फोनवरचं बोलणं वाफेसारखं उडून जातं. पत्र मी तीन-तीनदा वाचून घेते.

तर आता सगळं सांग. बसायची जागा कशी आहे, वर कोण आहे, आणि मुख्य म्हणजे ते इंग्रजी. बारा वर्षं शाळेत घोकलंस. तिथली माणसं तुझं बोलणं ऐकून थांबतात की वस्तू न घेताच पळतात? नोकरी पक्की कधी होणार? तुझी आई हे विचारत नाही, नुसती टपालवाल्याच्या वेळेला दारात उभी राहते. म्हणून मी विचारते.

उत्तर लवकर दे. नाहीतर मी स्वतःलाच पाकिटात घालून पाठवीन, आणि मग जादा तिकीट तुलाच भरावं लागेल.

तुझी आजी

*

१४ जून

आजी,

हरवलेली आजी सापडली! कान धरून पोच देते.

अगं, ही जागा तू बघायलाच हवीस! स्टेशनाखालचं लांबलचक तळघर, आणि छतापर्यंत फळ्याच फळ्या. छत्र्या चारशेच्या वर. कवळ्या तीन. बूट पुष्कळ, पण एकेकटे. माणूस एका बुटात घरी कसा पोचतो, हे मला अजून कळलेलं नाही! एक भलामोठा पितळी भोंगा आहे, वाजवायचा, मी आत बसू शकेन एवढा. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची: कोणती गाडी, कोणता दिवस, आत काय. माझ्या वरच्या बाई इथे एकवीस वर्षं आहेत. मी त्यांना मनातल्या मनात मोठ्या बाई म्हणते. त्यांचा एकच नियम. वस्तू कशी आहे ते आपण सांगायचं नाही, मागणाऱ्यानं सांगायचं. नाहीतर कुणीही येईल आणि 'हो हो, तीच' म्हणेल.

आता इंग्रजी. मोठे शब्द मला येतात गं, पण इथे मोठे शब्द कुणी वापरतच नाही. 'लुक' म्हणजे बघणं, हे तुलासुद्धा ठाऊक. पण त्याला शेपूट लागलं की गेलं हातातून. 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, 'लुक इनटू' म्हणजे चौकशी करणं, आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे नाक मुरडणं. एकाच घरातल्या चार जावा, एकीचं तोंड दुसरीकडे नाही! काल एक बाई चिडून म्हणाली, 'आय कान्ट पुट अप विथ धिस.' मी 'पुट' ऐकलं, 'अप' ऐकलं, आणि तिची पेटी उचलून वरच्या फळीवर ठेवायला निघाले. ती म्हणत होती, मला हे आता सहन होत नाही!

बाकी सगळं झकास. एक सप्टेंबरला माझी टेलिफोनची चाचणी आहे. दिवसभर फोन मी घ्यायचे, मोठ्या बाई दुसऱ्या रिसीव्हरवरून ऐकणार. ती झाली की नोकरी पक्की. काळजी करू नकोस, आईलाही सांग.

तुझी भिंगरी

शिंपीकाका, इथून पुढचं आजीला वाचून दाखवू नका. ही चाचणी मे महिन्यात एकदा झाली आहे आणि मी नापास झाले. समोर माणूस असला की चेहऱ्यावरून अंदाज येतो. फोनला चेहराच नसतो. आता ही शेवटची संधी. हुकली की पेटी बांधून परत. माझ्या ट्रंकेत तळाशी इंग्रजी वाक्प्रचारांचं एक जाड पुस्तक आहे. ते गुपचूप पाठवाल का?

*

२५ जून

भिंगरे,

तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर अठरा ओळी होत्या. शिंप्यानं वाचल्या बारा.

मला वाचता येत नाही, मोजता येतं. चाळीस वर्षं लोकांच्या चादरी धुवायला मोजून घेतल्या आणि मोजून दिल्या, तिथे तुझ्या सहा ओळी काय लपणार? शिवाय मी कागदाकडे बघतच नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघते. डोळा खाली चाललाय आणि तोंड बंद, म्हणजे माल मधेच उतरवला. मी म्हटलं, "शिंप्या, राहिलेलं वाच." म्हणाला, "मावशी, ते माझ्यासाठी आहे." मी म्हटलं, "मग माझ्या पत्रात काय करतंय?" (मी पाच मिनिटं टिकलो. – शिंपी)

नापास झालीस, बरं झालं. पहिल्या महिन्यात मी एका घराचे आठ सदरे इस्त्रीखाली जाळले होते. जळलेले सदरे काही परत येत नव्हते, म्हणून मी दुसऱ्या महिन्यात शिकले. रागवायचं ते एवढंच, की वाईट बातमी शिंप्याला आणि झकास बातमी आजीला, ही वाटणी मला मान्य नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू बघ.

आता पुस्तकाचं. ते सापडलं आणि मी ठेवून घेतलं. पाठवत नाही. शिंपीकाका म्हणतात त्यात तीन हजार वाक्यं आहेत, सगळी क्रमानं. तुझ्याकडे माणसं वस्तू क्रमानं हरवतात का? मग क्रमानं पाठ करून काय करणार?

माझ्याकडे बेचाळीस घरांचे कपडे यायचे. चादरी सगळ्या पांढऱ्या. कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घालायचे हे तू पाहिलंयस, पण रंग डोक्यात कसे ठेवले ते कधी विचारलं नाहीस. ज्या घरात रोज भांडण, त्याला लाल. ज्या घरचा म्हातारा दारात उभा राहून शिंकायचा, त्याला पिवळा. शाळामास्तरांना निळा, कारण त्यांच्या खिशात पेन गळायचं. रंग मी कधी पाठ केलाच नाही, घर लक्षात ठेवलं.

तू 'हातपाय गाळणं' पुस्तकातून शिकलीस? तुझा बाप गाडी चुकल्यावर फलाटावर बसकण मारून बसला, ते पाहून शिकलीस. तसंच कर. रोज फक्त पाच वाक्यं घे, पण काउंटरवर आलेल्या माणसाच्या तोंडची. वाक्याला ते माणूस बांधून टाक, त्याच्या नाकासकट.

तुझी आजी

*

८ जुलै

आजी,

तू जादूगार आहेस! रोज पाच माणसं बांधते, आणि ती सुटत नाहीत!

ऐक. पितळी भोंग्याचा मालक आला. म्हणाला, भोंग्याला रोज दोन अंडी खायला घालत होता ना तुम्ही? मी घाबरून मोठ्या बाईंकडे पाहिलं. तो हसला, 'आय अ‍ॅम पुलिंग युअर लेग.' म्हणजे थट्टा करतोय! आपल्याकडे कुणी पाय ओढला तर माणूस खाली येतो, इथे पाय ओढला तर हसू येतं. हे मी जन्मात विसरणार नाही. माझ्या डोक्यात आता त्या भोंग्याला कायमची अंडी चिकटलीत.

एक चष्मेवाले आजोबा रोज चष्म्याची चौकशी करायला येतात, चष्मा नसल्यामुळे रोज दाराला धडकतात. मोठ्या बाई म्हणाल्या, 'ही वोन्ट गिव्ह अप.' म्हणजे हा माणूस नाद सोडणार नाही. दोन बायका एकाच रांगेत अचानक भेटल्या आणि किंचाळल्या: 'फॅन्सी रनिंग इनटू यू!' कुणी पळत नव्हतं, दोघी उभ्याच होत्या, नुसती अवचित गाठ पडली होती. आणि संध्याकाळी मोठ्या बाई दिवा मालवतात नि म्हणतात, 'लेट्स कॉल इट अ डे.' म्हणजे आजपुरतं पुरे. किती छान ना? दिवसाला दिवस म्हटलं की काम संपलं!

आता वाईट बातमी, आणि ती तुलाच सांगते, शिंपीकाकांना सगळ्या ओळी वाचायला लाव. परवा एक गृहस्थ भावाची पिशवी न्यायला आले. भाऊ गेला, असं सांगत होते. मला भारी हुरूप आलेला, आपलं इंग्रजी दाखवायचा. शाळेत ऐकलेलं एक वाक्य होतं, ते मी टाकलं: 'ओ, ही किक्ड द बकेट?' अर्थ बरोबर होता, आजी. म्हणजे मेला. पण ते गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. मग पिशवी घेतली, सही केली आणि निघून गेले. मोठ्या बाई मागेच उभ्या होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, सप्टेंबरपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. चाचणी पाच ऑगस्टला.

चार आठवडे राहिले. माझे हातपाय गळालेत, आणि हे मी पुस्तकातून शिकलेले नाही.

तुझी भिंगरी

*

१९ जुलै

भिंगरे,

बादलीला लाथ मारली की मरतात? मी जन्मभर बादल्यांना लाथा मारल्या, अजून ठणठणीत आहे.

हसून झालं. आता ऐक. आपल्याकडेही माणूस गचकतो, खपतो, आटोपतो. पण समोर त्याचा भाऊ उभा असला की तो वारतो. तुला अर्थ कळला होता, कुणासमोर ते कळलं नव्हतं. पुस्तकात अर्थ असतो, समोर कोण उभं आहे ते नसतं. त्या गृहस्थांचा पत्ता सहीपाशी असेल. दोन ओळी लिहून टाक, साध्या शब्दांत. वाक्प्रचार एकही नको.

आणि तुला एक गंमत सांगायची आहे, सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. (मावशी रोज दुपारी दुकानात येतात, पुस्तक उघडायला लावतात. गिऱ्हाईक बाहेर ताटकळतं. आजवर दोनशे दहा वाक्यं झाली. – शिंपी) भिंगरे, हे लोक माझ्याच धंद्यातले आहेत! अडचण सोडवायची तर 'आयर्न आउट', म्हणजे इस्त्री फिरवा. एखाद्याला वाऱ्यावर सोडलं तर 'हंग आउट टु ड्राय', म्हणजे वाळत घातला. खरं-खोटं शेवटी कळेलच म्हणायचं तर 'कम आउट इन द वॉश', धुण्यात निघेल! मी शिंप्याला म्हटलं, यांना भाषा शिकवली ती नक्की एखाद्या धोबिणीनं. तोंड वाजवत धूत असणार, आणि ही मंडळी लिहून घेत असणार.

आपण जबाबदारीतून हात झटकतो, ते हात धुतात. आपण काणाडोळा करतो, ते डोळा आंधळा करतात. ऐनवेळी आपले हातपाय गळतात, त्यांचे नुसते पाय गार पडतात. मोजे घातले की झालं. तूही घाल. एकच वाक्य मला पटलं नाही. हार मानायची तर म्हणे 'थ्रो इन द टॉवेल', टॉवेल फेकायचा. फेकला तर धुणार कोण? तेव्हा तू ते करायचं नाहीस.

फोनबद्दल माझं ऐक. माझ्याकडे कुणाचा कपडा गहाळ झाला, तर आल्या आल्या कपड्याचं कुणीच बोलायचं नाही. आधी उशीर झाला म्हणून कुरकुर, मग गुडघा, मग शेजारीण. कपडा सगळ्यात शेवटी. मधेच तोडलं की माणूस बिथरायचं आणि तो कपडा कधीच सापडायचा नाही. तू हुं म्हणत राहा. जीभ आवरणं तुला जड जाईल, ते आपल्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. पण दिवसभराचाच प्रश्न आहे.

तुझी आजी

*

५ ऑगस्ट, संध्याकाळ

आजी,

झालं. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्यायला सांग काकांना.

सकाळी आठ ते बारा एकोणीस फोन. मोठ्या बाई समोर बसल्या होत्या, दुसरा रिसीव्हर कानाला, हातात पेन्सिल. मोजे दोन जोड घातले होते. 'हँग ऑन' म्हणजे थांबा, 'आय लेफ्ट इट बिहाइंड' म्हणजे मागे राहिलं, 'इट स्लिप्ड माय माइंड' म्हणजे डोक्यातून निसटलं, सगळी माझी बांधलेली माणसं एकेक करून येत होती! पण पेन्सिल चालू होती, आणि मला तिचाच आवाज जास्त येत होता.

दुपारी दोनला एका म्हाताऱ्या बाईंचा फोन. तुला खोटं वाटेल, पण हुबेहूब तू सांगितलंस तसं! आधी हवा. मग जिन्याच्या पायऱ्या. मग डॉक्टर. बाकीच्या दोन लाइनींचे दिवे लुकलुकत होते, मोठ्या बाईंनी बोट वर केलं: आटप. मी आटपलं नाही. हुं म्हणत राहिले. जीभ दाताखाली धरली होती.

मग आवाज एकदम खाली आला. त्यांची बहीण आहे एक. 'वी फेल आउट', वितुष्ट आलं होतं, नऊ वर्षं. कशावरून, तर आईच्या बटणांच्या बरणीवरून. दोघींनाही तीच हवी. आणि गेल्या आठवड्यात 'वी पॅच्ड इट अप', ठिगळ लावून जोडलं, गोडी झाली. निघताना बहिणीनं स्वतःहून बरणी यांच्या हातात ठेवली. आणि ती बरणी गाडीत राहिली. आता बहिणीला काय सांगायचं? म्हणाल्या, 'आय वॉज ओव्हर द मून.'

हे माझ्याकडे नव्हतं, आजी. चंद्राच्या वर? चंद्रापलीकडे? गाडीचं नाव असेल, स्टेशन असेल, काहीही असेल. अंदाजानं पुढे जाता आलं असतं, मे महिन्यात मी तेच केलं होतं. पण मी सरळ म्हटलं, "माफ करा, मला हे कळलं नाही. साध्या शब्दांत सांगाल?"

मोठ्या बाईंची पेन्सिल थांबली. पलीकडे त्या बाई हसल्या, अगदी मुलीसारख्या. "मी इतकी खूश होते गं," म्हणाल्या, "की हातात काही आहे हेच विसरले."

बरणी कशी होती ते त्यांना धड सांगता येईना, पण बटणं एकेक करून सांगितली. शिंपल्याची सहा, एक हिरवं, नावेच्या आकाराचं, एक तुटकं लाल. नोंदवहीत 'बटणं' कुठेच नव्हतं. मी त्यांना थांबायला सांगून, फोन बाजूला ठेवून फळ्यांकडे धावले. काचेच्या वस्तूंत नाही, शिवणकामात नाही. आणि मग खाण्याच्या वस्तूंच्या फळीवर दिसली! रंगीबेरंगी, घट्ट झाकणाची. चिठ्ठीवर लिहिलेलं: गोळ्या. अक्षर माझं. घाईत बाहेरून बघून मीच लिहिलं होतं! आजी, खायच्या वस्तू सात दिवसांनी टाकून देतात. आज सहावा दिवस होता.

मी झाकण उघडलं. हिरवी नाव वरच होती.

फोनवर त्या बाई रडल्या, मी रडले, आणि मी त्यांना चूक माझीच होती तेही सांगून टाकलं, मोठ्या बाई ऐकत असताना. फोन ठेवला. मोठ्या बाईंनी दुसरा रिसीव्हर जागेवर ठेवला, कोट घेतला आणि चहाला निघून गेल्या. अडीच वाजले होते. त्या परत आल्या त्या सहाला, किल्ल्या घ्यायला. दुपारभर मी एकटी. चौदा फोन घेतले, एकही त्यांनी ऐकला नाही. ऐकण्यासारखं राहिलंच नसेल. "निकाल परवा," एवढंच म्हणाल्या.

'मला कळलं नाही' म्हणणारी मुलगी फोनवर कोण ठेवील? मी पेटी काढून ठेवली आहे. आईला आज लिहिते, सगळं.

तुझी भिंगरी

*

१६ ऑगस्ट

भिंगरे,

पेटी पलंगाखाली ढकल. तू पास झालीस.

मला कुणी सांगितलं म्हणून विचारू नकोस. माझ्या हाताखाली अकरा मुली शिकल्या. नवी पोरगी इस्त्रीला उभी राहिली की मी तिच्या पाठीशी उभी. कपडा जळतो का, पाणी नीट शिंपडते का, सगळं बघत. ज्या मुलीच्या हातावर विश्वास नाही तिच्यामागून मी दिवसभर हलायची नाही, गुडघे मोडले तरी. आणि ज्या दिवशी एखादी म्हणाली, "बाई, हा कपडा कसा करायचा मला माहीत नाही, दाखवा," त्या दिवशी मी तिथून निघाले आणि उन्हात जाऊन बसले. विचारणारी मुलगी कपडे जाळत नाही. तुझ्या बाईंना एकवीस वर्षांत बसून चहा प्यायला मिळाला नसेल, तो त्या दिवशी मिळाला.

आणि चिठ्ठीवर 'गोळ्या' लिहिलंस! बटणं आणि गोळ्या, भिंगरे? लहानपणी माझ्या डब्यातलं बटण तू गिळलं होतंस तेव्हाच मी म्हटलं होतं, हिला फरक कळत नाही.

तुझ्या आईनं तिचं पत्र स्वतः वाचलं. मला वाटलं रडेल. म्हणाली, "फोन मधेच तोडला नाही ना तिनं? मग ती माझ्यावर गेलेली नाही." आणि

(इथे मावशींचं बोलणं थांबलं, कारण टपालवाला दारात आला. तुझं सात तारखेचं कार्ड. मी वाचतो आहे असं म्हणायच्या आत मावशींनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं, उलटं धरलं, आणि मग परत दिलं. कार्डावर लिहिलं आहे: "पक्की झाले! मोठ्या बाईंनी टेलिफोनची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, आता मला रोज चहा पिता येईल!!!" उद्गारचिन्हं तीन आहेत, मी तिन्ही वाचली. – शिंपी)

काय म्हटलं होतं मी? कार्ड येण्याआधी म्हटलं होतं, शिंप्याच्या शाईत लिहिलेलं आहे, पुसता येणार नाही. तुझी आई कार्ड घेऊन समोरच्या घरी गेली, तिथून पलीकडच्या, आता कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. दार उघडं टाकून गेली आहे. मी उठून दोनदा बसले. शिंपीकाकांनी मशीनवर पाय मारला, नुसताच, कापड नसताना. मी चंद्राच्या वर आहे, भिंगरे, आणि इथून सगळं स्वच्छ दिसतंय, तू सुद्धा!

बाकी नंतर. आता नोकरी पक्की, तेव्हा कामाचं लिहून घे. खाऊचा डबा पाठव. लोण्याची खारी बिस्किटं, पातळ, पत्र्याच्या डब्यात. संत्र्याचा जाम नको, कडसर असतो. चीज मुळीच नको, टपालवाला आधीच आमच्याकडे संशयानं बघतो. आणि शिंपीकाकांसाठी वेगळी पुडी कर, वर त्यांचं नाव घाल, पण मऊ केक पाठव, कुरकुरीत काही नको; हा माणूस खाता खाता वाचतो आणि मला अर्धं पत्र ऐकू येत नाही.

तुझी आजी